वाफसा आला की हल्ला

मी आयुष्यभर युद्ध शिकवलं, आणि तेही चिखलीत. हे वाक्य कोणापुढे उच्चारलं की समोरचा माणूस आधी माझ्या पोटाकडे बघतो आणि मग विचारतो, "मिलिट्रीत होते काय सर?" नव्हतो. तरुणपणी एकदा भरतीला गेलो होतो, पण छाती फुगवूनही पुरली नाही. मग ज्यांची पुरते त्यांना शिकवायचं ठरवलं.

संरक्षणशास्त्र नावाचा विषय आपल्याकडे कला शाखेला घेता येतो, हे ज्यांना ठाऊक नाही त्यांना मी दोष देत नाही. आमच्या कॉलेजातही ते उशिराच उमगलं. एक प्राचार्य तर निवृत्त होईपर्यंत मला एनसीसीचाच माणूस समजत होते. पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी अडकली की शिपायाला म्हणायचे, "शेळके सरांना बोलवा, त्यांचा विषय आहे तो." प्रवेशाच्या दिवसांत पालक यायचे. एका आईनं मला विचारलं, "सर, याच्यात बंदूक चालवाले शिकवता काय?"

मी म्हटलं, "नाही ताई. बंदूक कुठं आणि कधी चालवायची ते शिकवतो."

"मंग त्याले इतिहासच द्या," असं म्हणून त्या मुलाला घेऊन शेजारच्या टेबलाकडे गेल्या.

तरी वर्ग भरायचा. निम्मी मुलं पोलीस नाहीतर सैन्य भरतीची तयारी करणारी असत आणि उरलेली नकाशावाचनात चांगले मार्क पडतात म्हणून आलेली. सकाळी मैदानावर धावून आलेली ही पोरं पहिल्या तासाला बाकावर टेकली की त्यांचे डोळे मिटायचे. मी त्यांना कधी उठवलं नाही. युद्धात जाणाऱ्या माणसानं मिळेल तिथं झोपून घ्यावं, हेही शास्त्रात बसतं.

या विषयातला माझा लाडका भाग म्हणजे चढाईची वेळ. लोकांना वाटतं, युद्ध म्हणजे रोजची धडाधडी. पण जमिनीवरचं युद्ध लांबलं की त्यातला बहुतेक वेळ वाट बघण्यात जातो. दोन्हीकडचे लोक खंदक खणून समोरासमोर बसतात, आणि मग सेनापतीपुढे एकच प्रश्न उरतो: निघायचं कधी? लवकर निघालात तर माणसं अर्धवट शिकलेली असतात, तोफगोळे पुरेसे आलेले नसतात. उशीर केलात तर तुमची तयारी होते खरी, पण समोरचाही हातावर हात ठेवून बसलेला नसतो. तो आणखी खोल खणतो, आणखी सुरुंग पेरतो. शिवाय झाडांना पानं असली तर सैन्य लपतं, नसली तर उघडं पडतं. आणि सगळ्यात मोठी अडचण असते जमिनीची.

जमिनीचं मी वर्गात असं सांगायचो.

"पाऊस पडल्याच्या दुसऱ्या दिवशी काळ्या रानात ट्रॅक्टर घालता का रे?"

"नाई सर."

"काऊन?"

"फसते ना सर!"

"मग कशाची वाट बघता?"

"वाफशाची."

जमिनीत ओल तर आहे पण चिखल नाही, चाक रुतत नाही, ती अवस्था म्हणजे वाफसा. "रणगाडा म्हणजे कितीतरी ट्रॅक्टरांचं वजन," मी म्हणायचो. "सेनापतीलाही वाफसा बघावा लागतो." एवढं झालं की मागच्या बाकावरचे झोपलेलेसुद्धा जागे व्हायचे. माझ्या नोकरीतलं हे एक वाक्य मुलांनी घरापर्यंत नेलं असावं.

बाकी गावाला माझ्या विषयाशी काही देणंघेणं नव्हतं. पण युक्रेनवर रशियानं सैन्य घातलं, आणि निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली असताना मी एकदम कामाचा माणूस झालो.

कारण साधं होतं. आमच्या भागातली बरीच मुलं तिकडे डॉक्टरकी शिकायला गेलेली. त्यांतलीच एक नाझिया. खामगाव रोडवर टायरचं दुकान असलेल्या सलीमभाईंची थोरली मुलगी. युद्ध सुरू झालं तेव्हा ती तिसऱ्या वर्षाला होती. चालत, बसनं, रेल्वेनं सरहद्द ओलांडून पोरं परत आली, तेव्हा बसस्टँडवर हारतुरे घेऊन अर्धी चिखली जमली होती. नाझिया उतरली ती एका पाठपिशवीनिशी. बापानं तिला जवळ घेतलं आणि पहिलं काय विचारलं असेल, तर "पायात काय घातलं हाये हे?" एका पायात तिचा बूट होता, दुसऱ्यात कोणाचा तरी.

ते वर्ष तिनं घरी बसून मोबाईलवर तास ऐकत काढलं. आणि गाव माझ्याकडे यायला लागलं.

पहिले आले गजूभाऊ. यांचा मंडप डेकोरेशनचा धंदा, लग्नाचं शूटिंग आणि जोडीला तालुक्याचा केबल चॅनेल. म्हणाले, "सर, दिल्लीचे चॅनेलवाले कोनाकोनाले बसवते. आपल्याकडं सोताचा मानूस असून आपन काऊन नाई बसवाचा?" आठवड्यातून एकदा पंधरा मिनिटं, असं ठरलं. स्टुडिओ म्हणजे त्यांचं गोदाम. माझ्या एका बाजूला नवरा-नवरीच्या खुर्च्या रचून ठेवलेल्या, दुसऱ्या बाजूला थर्माकोलचे हत्ती. मागे रणगाड्याचं फ्लेक्स. पहिल्याच दिवशी मी बघितलं, तो रणगाडा या युद्धातल्या दोन्ही देशांचा नव्हता. तसं गजूभाऊंना सांगितलं तर म्हणाले, "राहू द्या सर, रंग मस्त आला हाये." फ्लेक्सवर माझाही फोटो होता. त्यात त्यांनी मला काळा चष्मा चढवला होता. कार्यक्रमाच्या आधी गादीच्या दुकानाची जाहिरात लागायची, आणि मग मी.

महिनाभरात गावानं माझं नाव बदललं. बसस्टँडवर, भाजीबाजारात, सलूनमध्ये, जिथं जावं तिथं "काय जनरल साहेब, कधी?" एवढाच प्रश्न. कारण पुढच्या उन्हाळ्यात युक्रेन मोठी चढाई करणार, हे सगळ्या जगाला माहीत झालं होतं. मुहूर्त फक्त ठरायचा होता.

तेलाचे व्यापारी रमेशशेठ तर सकाळी फिरायला निघाले की आमच्या फाटकाशी थांबत. सूर्यफूल तेल तिकडून येतं, तेव्हा त्यांचा प्रश्न रास्त होता. "सर, एवढंच सांगा. डबे भरून ठेवू का थांबू?"

मी त्यांना नीट समजावलं. आता तिकडे बर्फ वितळतोय, रान चिखलाचं झालंय. एप्रिलमध्ये कोणी निघणार नाही. नव्या पलटणी अजून शिकतायत. माझ्या अंदाजानं जून.

शेठनी मन लावून ऐकलं. मग म्हणाले, "जून म्हंजे जून?"

"अंदाज आहे शेठ."

"मंग मी जुलै धरतो. प्रोफेसर लोकाइच्या हिशेबात एक महिना वाढवून घ्यावा लागते." आणि काठी आपटत निघून गेले.

आमच्या सौ. सुमनताई आतून मेथी निवडत हे ऐकत असत. त्यांचं म्हणणं असं, की माझ्या अंदाजावर लोक तेल भरून ठेवतात आणि घरात मात्र मला दूध उतू जाण्याची वेळ कधी कळली नाही.

हे सगळं मजेत चाललं होतं. मग एप्रिलातल्या एका दुपारी सलीमभाई घरी आले.

सलीमभाई माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. उंच, हातांना कायम रबराचा वास. बसले, पाणी प्याले, आणि रिकामा पेला हातात फिरवत राहिले. मीच म्हटलं, "नाझिया काय म्हणते?"

"तेच सांगाले आलो सर. परत जातो म्हनते."

त्यांनी सांगितलं ते असं. कॉलेज देशाच्या पश्चिम टोकाला, लढाईपासून खूप दूर. ते सुरूच होतं. आता पुढचं शिक्षण दवाखान्यात, रोग्यांजवळ उभं राहून घ्यायचं होतं. ते मोबाईलवर होत नाही. मेमध्ये या, नाहीतर नाव कमी होईल, असं कॉलेजनं कळवलं होतं. बरोबरची काही मुलं दुसऱ्या देशांत गेली, काहींनी शिक्षणच सोडलं. नाझियानं जायचं ठरवलं होतं.

"तुम्ही काय म्हणालात तिला?"

"म्या नाई म्हनलं. तिची अम्मी रडून राह्यली. पन ते ऐकत नाई. म्हनते, कोनी समजदार मानूस सांगीन तं ऐकतो." ते जरा पुढे सरकले. "सर, ते तुमचा कारेक्रम पाहाते. दर आठवड्याले. तुम्ही घरी या आनि तिले फकस्त एवढं सांगा, का हल्ला होनार हाये, लय मोठा, सगळीकडं. जाऊ नको. बस."

"सलीमभाई, हल्ला होणारच आहे. पण तो दक्षिणेला होईल, पूर्वेला होईल. तिच्या गावाकडे नाही."

"मले माहीत हाये."

"मग?"

"तिले नका सांगू ना ते."

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या ज्ञानाला एवढी किंमत दिली होती, आणि मागणी होती ती चुकीचं सांगण्याची. आत सुमनचा चमचा कपात वाजायचा थांबला, म्हणजे तीही ऐकत होती.

"मी येतो," एवढंच म्हणालो. काय बोलेन ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही. त्यांना वाटलं, काम झालं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो. शबानाभाभींनी शीरखुर्मा पुढे ठेवला, ईद नुकतीच होऊन गेली होती. नाझिया समोर येऊन बसली. सडपातळ मुलगी, चष्मा, बोलणं अगदी मुद्द्याचं. घरातलं कोणी बोलायच्या आधी तिनंच सुरुवात केली.

"सर, तुम्ही जून म्हणता. वाफसा मेच्या शेवटीच येते ना तिकडं?"

"येतो. पण माणसं तयार व्हायला हवीत, दारूगोळा यायला हवा."

"आणि चढाई झाली तर रशिया उत्तर देईल. ते कुठं देईल?"

मी सलीमभाईंकडे बघितलं. ते छताच्या पंख्याकडे बघत होते. मला वाटतं, त्या क्षणी खोटं बोलायला एकच वाक्य पुरलं असतं. मुलगी समोर होती, विश्वास ठेवायला तयार होती. पण तिनं प्रश्न असा विचारला होता, की वर्गात एखाद्या विद्यार्थ्यानं तो विचारावा म्हणून मी सगळी नोकरी वाट बघितली.

"जमिनीवर उत्तर देईल ते तिथंच, आघाडीवर," मी म्हटलं. "तुझ्या गावापर्यंत सैन्य येणार नाही, निदान मला तसं दिसत नाही. पण क्षेपणास्त्र येऊ शकतं. चढाईला हंगाम असतो, नाझिया. क्षेपणास्त्राला नसतो. ते कधी येईल हे मी सांगू शकत नाही, दिल्लीचे चॅनेलवालेही सांगू शकत नाहीत. आणि हिवाळ्यात वीजघरांवर मारा करतील. थंडी, अंधार, पाणी बंद. हे मात्र जवळपास नक्की."

"म्हणजे जाऊ का नको?"

"ते माझ्या शास्त्रात नाही."

तिनं बापाकडे मान वळवली. मग म्हणाली, "अब्बू, लाइट तं इथंही जाते."

भाभी हसल्या आणि हसता हसता पदराआड गेल्या. सलीमभाई हसले नाहीत. मला दारापर्यंत सोडायला आले, सपाता घातल्या की नाही बघत राहिले, आणि म्हणाले, "तुम्ही मास्तरच राह्यले सर." त्यात कौतुक नव्हतं.

मेच्या मध्याला नाझिया गेली. आधी विमान, मग शेजारच्या देशातून बस. मी बसस्टँडवर गेलो नाही. सुमन जाऊन आली. तिनं सांगितलं, या वेळी पोरीनं दोन्ही पायांत एकाच जोडीचे बूट घातले होते आणि जाताना हसत होती.

सलीमभाईंनी माझ्याशी बोलणं सोडलं. भांडण नाही, टोमणा नाही, फक्त समोरून आले की मान वळायची. माझ्या स्कूटरचं टायर गुळगुळीत झालं तेव्हा त्यांच्या दुकानावरून पुढे जाऊन, मेहकर फाट्यावर, कुठलंसं मिळालं ते बसवून घेतलं.

जूनमध्ये चढाई सुरू झाली.

तो आठवडा माझ्या कारकिर्दीतला सोन्याचा आठवडा. सलूनमध्ये माझा नंबर नसताना मला खुर्ची मिळाली. रमेशशेठ फाटकाशी येऊन म्हणाले, "मानलं जनरल!" गजूभाऊंनी पंधरा मिनिटांची वेळ वाढवून अर्धा तास केली आणि गादीवाल्यानं मध्ये आणखी एक जाहिरात टाकली. त्या भरात मी कॅमेऱ्यासमोर, थर्माकोलच्या हत्तींच्या साक्षीनं, छातीठोकपणे सांगितलं, की श्रावण संपायच्या आत आघाडी फुटेल आणि सैन्य समुद्रापर्यंत पोचेल.

श्रावण संपला. पोळा झाला. गणपती आले आणि गेले. आघाडी फुटली नाही.

का फुटली नाही, ते नंतर सगळ्यांनी लिहिलं, मीही सांगितलं. वाट बघण्यात महिने गेले आणि तेवढ्यात समोरच्यानं मैलोन् मैल सुरुंग पेरून ठेवले होते. वरून विमानांचं पाठबळ नव्हतं. आणि आता आकाशात सतत घिरट्या घालणारे ड्रोन आल्यामुळे झाडाखाली चार गाड्या उभ्या केल्या तरी समोरच्याला दिसतात. अचानक गाठण्याची जी गोष्ट मी इतकी वर्षं फळ्यावर बाण काढून शिकवली, ती मी शिकवत असतानाच जुनी झाली होती. वाफसा बरोबर ओळखला, बाकीचं रान बदललेलं ओळखलं नाही.

गावाला मात्र कारणांशी कर्तव्य नव्हतं. "जनरल साहेब, कोनता श्रावण म्हनले होते तुम्ही?" हे मी इतक्यांदा ऐकलं, की वर्षभर सलूनला जायचं टाळून घरीच कात्री चालवून घेतली. रमेशशेठ तेवढे खूश. त्यांनी माझं न ऐकता डबे आपल्याच हिशेबानं भरले होते. दिवाळीला फराळाबरोबर एक तेलाचा डबा पाठवून दिला. गजूभाऊंनी कार्यक्रम बंद केला, पण फ्लेक्स फेकलं नाही. पुढे एका मिलिट्रीवाल्याच्या लग्नात नवरदेवाच्या मागे तोच रणगाडा मी बघितला. माझ्या चेहऱ्यावर झेंडूचं तोरण लावलं होतं.

मग हिवाळा आला, आणि हसण्यासारखं काही उरलं नाही. वीजघरांवर मारा सुरू झाला. एका सकाळी टीव्हीवर नाझियाच्याच गावाचं नाव आलं. पहाटे क्षेपणास्त्रं पडली, दवाखान्याजवळची इमारत कोसळली. कुठला दवाखाना, ते कळत नव्हतं.

दुपारी जेवायला बसणार तेवढ्यात फाटक वाजलं. सलीमभाई होते. दुकानातून तसेच आलेले, हात काळे. दारातच उभे राहिले.

"फोन लागून नाई राह्यला सर. सकाळपासून."

मी त्यांना आत घेतलं. ते खुर्चीवर बसले नाहीत, हात खराब होते म्हणून जमिनीवरच बसले. मीही खाली बसलो.

"तुम्ही नको म्हनले असते तं," ते म्हणाले, "तं ते गेली नसती."

"हो," मी म्हटलं.

एवढंच. खरं सांगितलं म्हणून मान ताठ ठेवावी, असं कधी कधी पुस्तकात असतं. तेव्हा तसं काही वाटलं नाही. समोर बाप बसलेला असताना आपलं खरेपण फार थिटं वाटतं. मनातल्या मनात मी नकाशा उघडला. स्टेशन कुठं, वसतिगृह कुठं, दवाखाना कुठं, हे मी ती गेल्यापासून पाठ करून ठेवलं होतं. त्याचा काडीचा उपयोग नव्हता.

सुमननं भाकरी वाढून आणली. सलीमभाईंनी नको म्हटलं. तिनं त्यांच्या हातावर पाणी घातलं, साबण दिला, आणि म्हणाली, "पोरीचा फोन येईल तेव्हा बापाचा आवाज नीट निघायला पाहिजे. खा." त्यांनी निमूट दोन घास खाल्ले.

ऊन कलत होतं तेव्हा फोन वाजला. नाव बघून त्यांनी तो माझ्याच हातात दिला. त्यांना तो कानाला लावता येईना. मी आवाज मोठा केला.

"अब्बू? टॉवर बंद होता. मी ठीक आहे. पहाटेपासून वॉर्डात आहे, लाइट नाही, खाली तळघरात आणलं सगळ्यांना. मी टॉर्च धरून उभी होते ऑपरेशनला. अब्बू, ऐकून राह्यले ना?"

"हाव," सलीमभाई म्हणाले. "हाव बेटा." मग गळा साफ करून म्हणाले, "जेवली काय?"

फोन ठेवून ते उठले, बाहेर गेले, आणि माझ्या स्कूटरपाशी थांबले. बोटांनी मागचं टायर दाबून बघितलं.

"हे काय बसवून घेतलं सर तुम्ही? कोन्या गधड्यानं देल्लं हे? उद्या दुकानावर आना."

गेल्या वर्षी नाझिया डॉक्टर होऊन परतली. इथं परदेशातून शिकून आलेल्यांची वेगळी परीक्षा असते, तिचा अभ्यास सुरू केला. मी निवृत्त व्हायच्या थोडं आधी, एका रविवारी, बापलेक आमच्याकडे जेवायला आले. सुमननं शेवभाजी केली होती. जेवणं झाल्यावर नाझिया म्हणाली, "सर, तुम्हाला एक सांगायचं राहिलं आहे."

त्यांच्या दवाखान्यात आघाडीवरून जखमी सैनिक आणायचे. त्यात आंद्री नावाचा एक मुलगा होता, हिच्याहून लहान, उन्हाळी चढाईच्या पहिल्या दिवशीच सुरुंगावर पाय गेलेला. हिला त्यांची भाषा येऊ लागली होती. ड्रेसिंग करताना गप्पा व्हायच्या.

"तुमचा कार्यक्रम डोक्यात होता सर, म्हणून मी त्याले एकदा विचारलं. म्हटलं, सगळं जग तारखेची वाट बघत होतं, तुम्हाला कधी कळलं?"

"मग?"

"तो म्हणे, आम्हाले कोणी सांगितलं नाही. आमचा साहेब कडक. रोज सकाळी शिव्या देऊनच उठवायचा. कोणाचं नाव म्हणून घ्यायचा नाही. त्या सकाळी आला, आणि एकेकाजवळ जाऊन, हळू आवाजात, नावानं हाक मारून उठवलं. तेव्हा कळलं, आज."

सलीमभाई मला म्हणाले, "हे तुमच्या पुस्तकात हाये काय सर?"

"नाही," मी म्हटलं. "हे कुठंच नाही."

दोन दिवसांनी माझा शेवटचा तास होता. बारावीचा वर्ग. फळा पुसलेला, टेबलावर कोणीतरी गुलाबाचं फूल ठेवलेलं. निम्म्याहून जास्त पोरं भरतीची तयारी करणारी, सकाळी धावून आलेली, केस अजून ओले. मी नोकरीभर हजेरी रोल नंबरनंच घेतली होती. तसं लवकर उरकतं. पण शेवटच्या दिवशी एकेकाला नावानं हाक मारावी, चेहरे नीट बघून घ्यावेत, असं मी घरून ठरवून आलो होतो.

हजेरीपट उघडला. पहिलं नाव वाचलं. "आकाश."

पहिल्या बाकावरचा तो पोरगा दचकून उभा राहिला. "काय झालं सर?"

मी त्याच्याकडे बघितलं. रुंद खांदे, भरपूर छाती, मिसरूड नुकती फुटलेली.

"काही नाही रे. बस खाली."

आणि हजेरीपटावर बोट ठेवून नेहमीच्या आवाजात, जरा घाईनंच, सुरुवात केली. "रोल नंबर एक."

"येस सर."

"दोन."

"येस सर."